तिथीची पाऊणपट

बाबांना समुद्राकाठी एकटं राहायचं होतं आणि मला ते नको होतं. गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं कॉर्नवॉलला गेलो ते एवढ्याच कारणासाठी. तिथल्या एका लहान गावात भाड्यानं मिळणारी बैठी बंगली त्यांनी इंटरनेटवर हेरून ठेवली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसत होता, आणि घरमालकिणीला रविवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं.

बाबा हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांचे डॉक्टर होते. मी शाळेत असताना आम्ही इकडे इंग्लंडला आलो, आणि तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी दुसऱ्यांचेच आईबाप सांभाळले. आई गेल्यावर ते क्रॉयडनच्या घरात एकटे राहिले. मी ब्रॅकनेलला, एका आयटी कंपनीत. दर शनिवारी मी जायची, फ्रीज उघडून बघायची, भाजी का संपली नाही म्हणून कटकट करायची. एका शनिवारी त्यांनी फ्रीजचं दार माझ्या हातातून काढून घेऊन लावलं आणि म्हणाले, "बाय, मला इथे ट्रामचा आवाज ऐकत मरायचं नाहीये."

"बाबा, that's so dramatic."

"असू दे. समुद्राचा आवाज हवाय."

त्यांचा जन्म रत्नागिरीकडचा, अगदी खडपावरचा. खडप म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा समुद्रातला खडक. कालवं कशी फोडायची, कुर्ली मागून कशी धरायची, कुठल्या दगडाखाली हात घालायचा आणि कुठल्या दगडाखाली घातला तर बोट गमवायचं, या गोष्टी ऐकत मी लंडनच्या उपनगरात मोठी झाले. माझ्या मैत्रिणींना त्यांचे वडील रात्री परीकथा वाचून दाखवायचे, आणि मला खेकडे. त्यामुळे समुद्र या विषयात बाबांना कुणी काही सांगायचं नाही, असा आमच्या घरात अलिखित कायदाच होता. आईनं तो एकदाच मोडायचा प्रयत्न केला होता. ती पुण्याची. तिला खडकवासल्याच्या धरणाचीही भीती वाटायची, तेव्हा तिचं कोण ऐकणार?

माझी काळजी समुद्राची नव्हतीच. मला पायऱ्यांची भीती होती, गुडघ्यांची, औषधं विसरण्याची, जवळ आपलं माणूस नसण्याची. बाबा अठ्ठ्याहत्तरचे. त्यांच्या त्या समुद्रापासून मात्र ते सुरक्षित आहेत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

जायच्या आधी त्यांनी लायब्ररीतून किनाऱ्यावरच्या जिवांचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि गाडीत मला वाचून दाखवायला सुरुवात केली. त्यात त्यांना एक गोष्ट सापडली होती आणि ती सांगताना त्यांचा आवाज चढला. इथल्या खडकांत कवड्या असतात! नखाएवढ्या, फिकट गुलाबी, अंगावर बारीक रेघा असलेल्या. अगदी खालच्या दगडांच्या पोटाशी.

"लहानपणी आम्ही सारीपाट कवड्यांनी खेळायचो," ते म्हणाले. "देवघरात कवड्या, बैलाच्या गळ्यात कवड्या. पण जिवंत कवडी कशी दिसते, हे मी कधी पाहिलेलं नाही. तू पाहिलीयस?"

मी कशाला पाहतेय? कवडीत कुणी राहतं हे खरं तर मला सुचलंच नव्हतं. ज्या बिचाऱ्याचं नाव आपण कवडीमोल म्हणून जगभर फिरवतो, त्याचं तोंडही आपण बघितलेलं नाही, हे मात्र एकदम मनाला लागलं. बोडमिनच्या माळावरून गाडी जाईपर्यंत आम्ही दोघं कवडीला डोळे असतात का, यावर वाद घालत होतो. पुस्तकात उत्तर होतं, पण बाबा आधी अंदाज सांग म्हणून हटून बसले. मी म्हटलं, नसतात. पुस्तकात निघालं, असतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण उरकून आम्ही किनाऱ्यावर गेलो. त्या दिवशी पौर्णिमा होती. हे मला माहीत असायचं कारण नव्हतं, पण बाबा मराठी पंचांगाचं कॅलेंडर घडी घालून बॅगेत आणतात, पासपोर्ट विसरले तरी.

"तिथीची पाऊणपट," पायऱ्या उतरता उतरता त्यांनी मला शिकवलं. "पौर्णिमेच्या पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे अकरा-बाराच्या सुमाराला पूर्ण भरती. आता दोन वाजलेत, पाणी उतरायला लागलंय, सहापर्यंत उतरतच जाणार. पौर्णिमेचं उधाण, म्हणजे ओहोटीपण मोठी. सहाला अगदी तळाचे दगड उघडे पडतील. तिथे तुझी कवडी!"

पायऱ्यांच्या टोकाशी एक फळा होता आणि त्यावर खडूनं त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेल्या होत्या. बाबांनी फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्यामागून जाताना मीही पाहिलं नाही. वडील डॉक्टर असले की आपण औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचत बसत नाही, तसंच ते.

समुद्र बराच आत गेलेला दिसत होता. डाव्या हाताला कड्याचं एक नाक पुढे आलं होतं आणि त्याच्या पायथ्याशी ओल्या वाळूची पट्टी मोकळी होती. त्या पट्टीवरून वळसा घातला की पलीकडे दुसरी, छोटी खाडी. तिच्या तिन्ही बाजूंना उभा कडा, वर जायला वाट नाही, आणि मधे सगळा काळा खडक, खाचाखाचांत साठलेलं पाणी. बाबा तिथे पोचले आणि त्यांचे गुडघे दुखायचे थांबले. शप्पथ सांगते, थांबले.

आणि मग त्यांनी मला नियम सांगायला सुरुवात केली. शेवाळावर पाय नाही, उघड्या खरखरीत दगडावरच टाकायचा. हात आधी पाण्यात भिजवायचा, कोरड्या हातानं कुणाला शिवायचं नाही. दगड उचलला तर आपल्याकडे कलता करायचा, बघायचं, आणि होता तसाच हळूच ठेवायचा, कारण ते कुणाचं तरी छप्पर आहे. काहीही घरी न्यायचं नाही.

"तुमच्या गावाला पण असंच होतं का हो?" मी विचारलं.

"आमच्याकडे एकच नियम. दिसलं की खायचं." आणि ते इतके हसले की त्यांना टेकावं लागलं.

मी डब्यात थालीपीठं नेली होती. डबा एका सपाट दगडावर ठेवला आणि आम्ही दोघं एका डबक्यापाशी पोटावर पडलो. परातीएवढं डबकं. आधी त्यात काहीच नव्हतं, नुसतं पाणी. मग डोळे सरावले. लालभडक समुद्रफुलं, खरं तर प्राणीच, पाकळ्या उघडून बसलेली. बाबांनी ओल्या बोटाच्या टोकानं एकाला अगदी हलकेच स्पर्श केला तर ते बोटाला चिकटलं. काचेसारखी कोळंबी, जिच्यातून पलीकडचा दगड दिसत होता. एक शंख भराभर चालत निघाला, म्हणून निरखून बघितलं तर आत भाडेकरू खेकडा. टोपीच्या आकाराचे शिंपले दगडाला घट्ट बसलेले होते. त्यांना इथे लिंपेट म्हणतात. बाबांनी सांगितलं की हा प्राणी भरतीच्या पाण्यात चरायला बाहेर पडतो आणि पाणी उतरायच्या आत नेमका स्वतःच्या जागी परत येऊन बसतो. दुसरीकडे बसला तर कवचाची कड दगडावर नीट बसत नाही, आतली ओल उडून जाते.

"पण त्याला जागा कळते कशी?" मी विचारलं.

"तेच तर!" बाबा म्हणाले. त्यांना उत्तर माहीत नव्हतं आणि ते विलक्षण खूश होते.

मला वाटतं, त्याच वेळी माझा विरोध गळायला लागला होता. हा माणूस क्रॉयडनला दिवसभर खुर्चीत बसून बातम्या ऐकतो. इथे तो पोटावर पडून खेकड्याशी बोलत होता. मी मनातल्या मनात हिशेब करू लागले की शुक्रवारी कामावरून लवकर निघालं तर रात्रीपर्यंत इथे पोचता येईल. घेऊ दे घर, असं मी जवळजवळ ठरवून टाकलं.

कड्याच्या वर, फिरायच्या वाटेवर, एक बाई कुत्र्याला घेऊन उभी होती. ती दोन्ही हात हलवत होती. आम्हीही हलवले. ती अजून जोरात हलवायला लागली, काहीतरी ओरडलीसुद्धा, पण वाऱ्यात ऐकू आलं नाही.

"इकडची माणसं इतकी मोकळी कधीपासून झाली?" बाबा म्हणाले आणि पुन्हा एकदा हात हलवून त्यांनी तिला निरोप दिला. ती बाई पळत सुटली.

त्यानंतर थोड्याच वेळात मला माझा डबा दिसला. तो पाण्यावर तरंगत आमच्याच दिशेनं येत होता.

मी आधी हसले. मग डबा पकडायला पुढे गेले तर पाणी घोट्याच्या वर आलं, आणि जिथे मी डबा ठेवला होता तो सपाट दगड मला कुठेच दिसेना. मी वळून नाकाकडे पाहिलं. वाळूची पट्टी नव्हती. तिथे पाणी कड्यावर आपटत होतं.

"बाबा, पाणी चढतंय."

"छे. ओहोटी आहे आत्ता."

"बाबा, बघा तरी!"

ते उठले. त्यांनी पाहिलं. आणि जे पाहिलं ते त्यांनी मानलं नाही. "एखादी मोठी लाट आली असेल," ते म्हणाले. "उधाण आहे ना. थांब जरा, आत्ता उतरेल." मी त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. "अगं थांब. सहापर्यंत उतरायचंय अजून." पाणी त्यांच्या बुटांत शिरलं होतं आणि ते उभे होते, समुद्राला त्याची चूक कळेल म्हणून वाट बघत. फोनला रेंज नव्हती. आयुष्यात इतकी मी कधीच घाबरले नव्हते, आणि पाण्याला नाही, त्यांच्या त्या शांत चेहऱ्याला घाबरले. मी त्यांच्यावर ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. मुलीनं बापाला म्हणायचे ते शब्द नव्हेत.

मग ते हलले. आम्ही कड्याला धरून निघालो. पाणी मांड्यांपर्यंत आलं, आणि थंड म्हणजे किती थंड! लाट आली की खडकाला चिकटून उभं राहायचं, गेली की दोन-तीन पावलं टाकायची. नाकाच्या टोकाशी बाबांचा पाय शेवाळावरून निसटला आणि ते छातीपर्यंत पाण्यात गेले. मी त्यांची कॉलर पकडली होती, ती सोडली नाही. डबाही का कोण जाणे, दुसऱ्या हातात तसाच होता. पलीकडे वळलो तर ती कुत्रेवाली बाई आणि आणखी एक माणूस पाण्यात उतरून आमच्याकडेच येत होते. त्यांनी बाबांना दोन्ही बाजूंनी धरून पायऱ्यांवर बसवलं. बाईनं कोस्टगार्डला आधीच फोन केला होता. तिनं पुन्हा करून सांगितलं की माणसं बाहेर आलीत. ती आम्हाला एका शब्दानं बोलली नाही. तिनं फक्त फळ्याकडे बघितलं. ओहोटी साडेबाराची होती. भरती सहाला.

उतरलो होतो त्या खोलीवर जाऊन आम्ही गरम पाण्यानं अंघोळी केल्या. बाबांना खरचटलं होतं तिथे मी डेटॉल लावलं. ते मुकाट्यानं लावून घेत होते. मग म्हणाले, "कपडे बदल, सहाला परत जायचंय." मला वाटलं डोकं फिरलं की काय. "वरूनच," ते म्हणाले. "कठड्यापासून."

आम्ही कठड्यापाशी उभे राहिलो. खाली पायऱ्या अर्ध्याअधिक पाण्यात होत्या. आमची खाडी, ते डबकं, लिंपेट, सगळं कितीतरी खाली गेलं होतं. बाबा टक लावून बघत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर तेच दुपारचं कुतूहल यायला लागलं आणि ते माझ्याशी की स्वतःशी बोलू लागले. चंद्र तोच. पण पाण्याला प्रत्येक किनारा गाठायला आपापला वेळ लागतो. कुठे खाडी, कुठे भूशिर, कुठे उथळ तळ. म्हणजे एकच निरोप रत्नागिरीला एका वेळी मिळतो आणि इथे दुसऱ्या. बरोबर सहा तासांचं अंतर. अगदी उलटं. पाऊणपटीचा नियम आमच्या समुद्राचा होता, समुद्राचा नव्हता. "कसं सुचलं नाही मला हे? इतकी वर्षं?" ते म्हणाले.

मी जे बोलायचं ठरवून आले होते ते बोलायला तोंड उघडलं. त्याआधीच ते म्हणाले, "घर नको."

हेच वाक्य ऐकायला मी ब्रॅकनेलहून तिथवर गाडी चालवली होती. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "एकदा चुकलात म्हणून लगेच give up? आता कळलं ना तुम्हाला? फोनवर app टाकून देते, रोज वेळ बघायची. It's not rocket science, बाबा!"

"आता कळलं," ते म्हणाले. "उद्या लक्षात राहील. परवाही राहील. पण मी या वयाच्याच माणसांचा डॉक्टर होतो, बाय. माणूस घाबरला, गोंधळला, थकला की काल शिकलेलं त्याला आठवत नाही. सगळ्यात पहिलं शिकलेलं वर येतं. आज पाणी पायाशी होतं आणि मला डोळ्यांनी दिसत होतं. तरी मी तुला काय म्हणालो?"

मी कठड्यावरून खाली पाण्याकडे बघितलं.

"तू नसतीस तर मी अजून तिथे उभा असतो," ते म्हणाले. हॉस्पिटलात नातेवाइकांना ते ज्या आवाजात सांगायचे त्याच आवाजात. रडायला मला लाज वाटली नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी स्वतः घरमालकिणीला फोन करून नाही सांगितलं, आभारही मानले. आमची निघायची तयारी झाली होती. पण ओहोटी दुपारी एकच्या पुढे होती, आणि मीच म्हटलं, जाऊन येऊ. या वेळी फळा वाचला, पायऱ्यांच्या बाजूच्याच खडकांवर राहिलो, आणि पाणी अजून उतरत असतानाच खाली गेलो. पाणी खूपच दूर गेलं होतं. काल आम्ही होतो तेवढ्या उंचीचे दगड आता कितीतरी वर राहिले होते. पट्ट्यांसारखं लांब, तपकिरी शेवाळ आडवं पडलं होतं. मी ते बाजूला करायची, बाबा टॉर्च मारून दगडांच्या पोटाशी बघायचे. बराच वेळ काही नव्हतं. मग त्यांनी टॉर्च तसाच धरला आणि हाक मारली नाही, नुसता माझा खांदा ओढला.

मला कवडी दिसलीच नाही. एक लिबलिबीत, केशरी ठिपक्यांचा गोळा दिसला, पुढे छोटी सोंड. बाबा श्वास रोखून बघत होते. थोड्या वेळानं त्या गोळ्यानं आपलं मांस दोन्ही बाजूंनी हळूहळू खाली ओढून घेतलं, आणि आतून ती वर आली. गुलाबी, रेघांची, चकचकीत. म्हणजे जिवंतपणी ती स्वतःचं कवच अंगावरच्या मांसानं झाकून फिरते. म्हणून ती चकचकीत. आपल्याला मिळते ती मेल्यावर उघडी पडलेली.

"डोळे आहेत," बाबा कुजबुजले. दोन काळे ठिपके, सोंडेच्या दोन्ही बाजूंच्या शिंगांच्या बुडाशी.

आम्ही तिला हात लावला नाही. शेवाळ जसं होतं तसं परत ओढून घेतलं. बाबा सरळ झाले, त्यांनी समुद्राकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, अंदाज घेतल्यासारखं. मला दिसत होतं की त्यांच्या ओठांवर आकडे आहेत. प्रतिपदा, आणि तिची पाऊणपट. मग त्यांनी ते सोडून दिलं आणि माझ्याकडे वळून शाळेतल्या मुलानं विचारावं तसं विचारलं, "बाय, पाणी आता येतंय की जातंय?"

"येतंय, बाबा," मी म्हटलं.

ते लगेच निघाले.